जामखेडचा पाय : आमचा नऊ वर्षांचा अनुभव, मोठा आहे पण गरज असेल त्यांनी पूर्ण वाचा

घरात कुणाचा पाय गेलाय आणि आता पुढं कसं होणार म्हणून जे डोक्याला हात लावून बसलेत त्यांच्यासाठी लिहितेय. जामखेडला कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे, आपल्याकडं सगळे आरोळे डॉक्टरांचा दवाखाना म्हणतात तीच, तिथं कृत्रिम पाय बनवतात. माझ्या मिस्टरांचा पाय तिथला आहे. नऊ वर्षं झाली वापरतायत, त्यामुळं चार दिवस वापरून लिहिलेलं नाही हे, पूर्ण अनुभवाचं आहे.

२०१५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मिस्टर दुधाच्या पिकअपवर ड्रायव्हर होते, पहाटे चारला घरातून निघायचे. टायर बदलायला रस्त्याच्या कडेला बसले आणि मागून आलेली गाडी सरळ अंगावर. डावा पाय गुडघ्याच्या खाली काढावा लागला. वय छत्तीस, पोरगी सातवीत, पोरगा दुसरीत, घरात सासूबाई, एक म्हैस आणि दीड एकर काळं रान. ज्या दिवशी घरी आणलं त्या दिवशी गावातले सगळे भेटायला आले, आठवडाभर रीघ होती, महिन्याने कुणी नाही, आणि दोन महिन्यांनी तर मीच कुणी येऊ नये म्हणून दार लोटून घ्यायला लागले कारण आलेला प्रत्येक माणूस त्यांच्याकडं न बघता चादर जिथं सपाट होते तिथं बघायचा.

ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. दिवसभर. रात्री मला उठवून म्हणायचे, अगं अंगठा खाजवतोय, डाव्या पायाचा. तो अंगठा तर नव्हताच. डॉक्टर म्हणाले असं होतं, मेंदूला अजून पाय आहे असंच वाटतं, पण रात्री दोनला नवरा नसलेला अंगठा खाजवायला हात घालतो आणि हात गादीवर पडतो ते बघितलं की मेंदू वगैरे काही आठवत नाही. मी पण मग तिथंच गादीवर हाताने खाजवायचे. काय करणार दुसरं.

आम्ही ख्रिस्ती आहोत. माझं माहेर नेवासा तालुक्यातलं, वडाळा मिशनच्या जवळचं, लहानपणापासून शब्बाथशाळा, गाणी, उपासना सगळं अंगात भिनलेलं. मिस्टर तर ढोलकी वाजवायचे देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नाताळच्या आधी पंधरा दिवस रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरायचे. आणि आता पाळकसाहेब प्रार्थनेला घरी आले की हे चादर तोंडावर ओढून घ्यायचे. मी रागावले नाही त्यांच्यावर, कारण खरं सांगायचं तर माझी पण प्रार्थना आटत चालली होती, डोळे मिटले की फक्त पैशांचे आकडे दिसायचे, आणि देवाला काय मागायचं तेच कळेना. पाय परत दे असं कसं मागणार?

त्यात पहिला पाय घेतला तो शहरातल्या एका दुकानातून. नाव नाही लिहीत. माझ्या कानातलं मोडलं आणि भावाकडून उसने घेतले. पाय दिसायला एकदम भारी, चकाचक, आणि दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चालून पण दाखवलं त्यांनी. पण घरी आल्यावर कळलं की हा पाय आमच्या घरासाठी नाहीच. बुटाशिवाय चालता येत नाही, आता सांगा आमच्याकडं घरात कोण बूट घालून फिरतं. पाण्यात घालायचा नाही. उकिडवं बसता येत नाही, म्हणजे संडासाला कुणीतरी धरून न्यायचं आणि बाहेर उभं राहायचं, छत्तीस वर्षांच्या माणसाला. वर सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, नीट बसलेला नव्हता, पंधरा दिवसात खुंटाला, म्हणजे त्या उरलेल्या पायाला, जखम, पू. परत गेलो तर म्हणाले नवीन सॉकेटचे परत पैसे पडतील. तो पाय पोत्यात घालून माळ्यावर टाकला आणि त्या दिवसापासून हे बोलायचेच बंद झाले.

जामखेडचं नाव काढलं माझ्या आत्याने. आमच्या आजीला रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे हे दोघं डॉक्टर वडाळा मिशनला असल्यापासून माहीत होते, १९६२ ते ६६ अशी चार वर्षं होते ते तिथं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकलेले, हुशार, कुठंही गेले असते तर बंगले बांधले असते, पण १९६० मध्ये लग्न झालं तेव्हाच दोघांनी ठरवलेलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालायचं. आजी सांगायची, बाईंनी तपासलं की आधी हात धरून बसायच्या आणि मग बोलायच्या. लहानपणी हे आम्ही नुसतं ऐकायचो, आजीच्या शंभर गोष्टींतली एक. आत्या म्हणाली अगं त्याच डॉक्टरांच्या जामखेडला पाय करतात, एकदा जाऊन तर या, काय जातंय.

जाते वेळी मी फार आशा ठेवली नव्हती. नगरहून एसटीने निघालो, कडा, आष्टी करत जामखेड, पाऊणशे किलोमीटर असेल. मिस्टर कुबड्यांवर, तोंडातून शब्द नाही. कंडक्टरने पुढची सीट दिली तर तिच्यावर पण बसेनात, मागं जाऊन बसले.

वर्कशॉप आधी कानाला कळतं, पत्र्यावर हातोडी पडतेय असा ठण ठण आवाज, मला तर तांब्याची भांडी ठोकतात त्या आळीत आल्यासारखं वाटलं. भिंतीला रबराची पावलं टेकवून ठेवलेली, रंग आपल्या कातडीसारखा, बोटं पण असलेली. याला जयपूर फूट म्हणतात, राजस्थानात जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉक्टर सेठी यांनी मिळून काढलेला हा पाय, आपल्यासारखी अनवाणी चालणारी, मांडी घालून जेवणारी, चिखलात काम करणारी माणसं डोळ्यासमोर ठेवूनच केलेला. जामखेडला हे शिकून घेतलेली माणसं खेड्यातलीच आहेत, बोलणं पण आपल्यासारखंच, त्यामुळं सर मॅडम करत बसावं लागत नाही.

आता मेन गोष्ट. तिथल्या कारागीर दादांनी खुंट बघितला, जखम बघितली, ती पूर्ण भरून येईपर्यंत माप घेणार नाही म्हणून सांगितलं, पट्टी कशी गुंडाळायची ते मला दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. सगळं झाल्यावर स्टूल ओढून मिस्टरांच्या समोर बसले आणि विचारलं, "पाय लावून काय काय करायचंय तुम्हाला?"

मिस्टर गप्प. मी उत्तर द्यायला लागले तर दादांनी मला हातानेच थांबवलं, थांबा ताई, त्यांना बोलू द्या. किती वेळ गेला माहीत नाही. मग खाली बघत मिस्टर म्हणाले, "संडासला एकट्याला जायचंय." परत थोडा वेळ गेला. "म्हशीखाली बसायचंय. धार काढायचीय." आणि मग एकदम, "गाडी चालवायचीय."

दादा म्हणाले, मग तसाच करू.

सहा महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं हो हे. मी नाही, डॉक्टरांनी नाही, दुकानदाराने तर नाहीच, त्याने किती बजेट आहे एवढंच विचारलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सारखी बायबलमधली ती बेथेस्दा तळ्याची गोष्ट आठवत राहिली. अडतीस वर्षं आजारी पडलेला माणूस, आणि प्रभू येशू त्याच्याजवळ जाऊन आधी विचारतो की तुला बरं व्हायची इच्छा आहे का. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं, इच्छा असणारच की, विचारायचं काय त्यात. त्या दिवशी कळलं का विचारलं ते. अडतीस वर्षं त्याला ओलांडून जाणारे खूप होते, विचारणारा कुणी नव्हता. मी त्या रात्री कितीतरी महिन्यांनी नीट प्रार्थना केली, काही मागितलं नाही, फक्त थँक्यू म्हणाले आणि रडले.

जखम भरल्यावर दीड महिन्याने परत गेलो, २०१६ उजाडलं होतं. खुंटावर पातळ कापड चढवून त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात, ते सुकलं की साचा काढून घेतात, त्यात परत प्लास्टर ओतून खुंटाची हुबेहूब प्रतिकृती होते आणि तिच्यावर हाताने कमी जास्त करतात, हाड जिथं टोचतं तिथं जागा ठेवायची, जिथं भार पेलतो तिथं घट्ट. मिस्टर तोपर्यंत नुसते बसलेले असायचे, पण दुसऱ्या दिवशी बघते तर ते दादांना विचारतायत हा पत्रा किती गेजचा, वाकवताना चिरत नाही का. ड्रायव्हर माणूस, गॅरेजमध्ये वाढलेला. मी मुद्दाम बाहेर निघून गेले.

बाहेर झाडाखाली एक म्हातारी बाई भेटली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. ती गावोगावच्या आरोग्यसेविकांपैकी, खूप जुनी. तिच्याजवळ बसून मी जे ऐकलं ते कुठल्या माहितीपत्रकात नाही मिळणार. वडाळ्याला असताना आरोळे डॉक्टरांच्या लक्षात आलं की बरं करून पाठवलेलं लेकरू तीच हगवण घेऊन परत येतंय, म्हणजे दवाखान्यात बसून उपयोग नाही, आजार गावात आहे. मग दोघं अमेरिकेत जाऊन अजून शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला सुरुवात केली, ती पण गुरांच्या जुन्या पडक्या दवाखान्यात. लगेच दुष्काळ पडला, बाहत्तरचा, घरातल्या जुन्या माणसांना विचारा तो काय होता ते. लोक म्हणाले औषध राहू द्या, पाणी द्या. तर यांनी बोअर घेतले. आणि हातपंप कुठं बसवले, दलित वस्तीत. ज्यांच्या सावलीचा विटाळ त्यांच्या वस्तीत हंडा घेऊन यायचं की तहानलेलं राहायचं, आणि लोक आले हो, हंडे घेऊन आले. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण माझे पणजोबा कुठल्या वस्तीतले होते ते मला माहीत आहे.

नर्स खेड्यात राहायला तयार होईनात, म्हणून मग गावातल्याच बायका निवडल्या, बहुतेक अंगठाबहाद्दर, विधवा, टाकलेल्या, कुणी दलित कुणी मराठा, आणि सगळ्यांनी दवाखान्यात शिकायला येऊन एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं, शेजारी शेजारी झोपायचं. ती म्हातारी म्हणाली, "मला आख्ख्या गावात अमक्याची बायको म्हणायचे. मेबलबाईंनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं. मला पटकन सांगताच येईना." मग ती बाळंतपणं करायला शिकली, कुष्ठरोगाचा डाग ओळखायला शिकली, मीठ साखर पाण्याने लेकरं वाचवायला शिकली. तिला विचारलं किती बाळंतपणं केली तर म्हणाली कोण मोजतंय, पण माझ्या हाताखाली एक बाई गेली नाही.

सुरुवातीला त्या भागात हजार लेकरं जन्मली की एकशे शहात्तर वर्षाच्या आत जायची, ती संख्या या बायकांनी वीस पंचवीसपर्यंत खाली आणली. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नीला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २००८ च्या डिसेंबरमध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकात या बायकांवर लेख आला. आज आपल्या गावात आशाताई फिरतात ना, ती योजना सरकारने २००५ ला आणली, जामखेडला हे तीसेक वर्षं आधीच चालू होतं. मेबलबाई १९९९ ला गेल्या, डॉक्टर २०११ च्या मे महिन्यात. आम्ही गेलो तेव्हा दोघंही नव्हते. पण मिस्टरांना जो प्रश्न विचारला ना स्टुलावर बसून, तो त्यांचाच प्रश्न होता असं मला वाटतं.

अजून एक सांगते, कारण हे मला दोन तीन जणांनी घाबरत घाबरत विचारलंय. नाही, तिथं कुणी धर्म विचारत नाही. त्या म्हातारीचं कुंकू शेवटपर्यंत तिच्या कपाळावर होतं. आमच्या शेजारच्या बाजेवर एक आजोबा होते वारकरी, गळ्यात माळ, त्यांचा हरिपाठ रोज संध्याकाळी चालायचा आणि मिस्टर त्यांच्या सोबत बोटाने बाजेच्या लाकडावर ताल धरायचे. आरोळे डॉक्टर येशूला मानणारे, त्याच्या पायी सगळं सोडून आलेले, आणि येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे यांनी लोकांचे पाय हातात घेतले. मला तरी विश्वास म्हणजे काय हे देवळात जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या वर्कशॉपच्या ठण ठण आवाजात कळलं.

पाय तयार झाला त्या दिवशी दोन दांड्यांमध्ये उभं केलं. उभे राहिले आणि मला एकदम नवरा उंच वाटला, विसरलेच होते मी किती उंच आहेत ते. दादा म्हणाले दुसरी चप्पल द्या. आम्ही एकच नेली होती, उजवी. आठ महिने एकच लागत होती ना. टाचेच्या उंचीप्रमाणे पाऊल जुळवायचं असतं म्हणून जोडी लागते, हे आम्हाला कुठं माहीत. शेवटी त्या वारकरी आजोबांची चप्पल घातली, दोन नंबर मोठी, आणि तीच फटक फटक वाजवत माझा नवरा चालला. पाच पावलं. मग वळले. मग दादांनी खाली बसायला सांगितलं, उकिडवं. बसले. आणि उठलेच नाहीत लवकर, तसेच बसून राहिले जमिनीवर हात टेकून.

घरी आलो तर सासूबाईंना सांगितलं की असं असं चपलेसाठी अडलं. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या, पेटी उघडली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली डावी चप्पल काढून आणली. अपघाताच्या दिवशी कुणीतरी रस्त्यावरून उचलून दिलेली. धुतलेली होती, वादी नवीन टाकलेली होती. मोच्याकडं कधी गेल्या, कुणाला न सांगता, देव जाणे.

आता कामाच्या गोष्टी. पाय सुरुवातीला दिवसाला तास दोन तासच घाला, कातडी लाल होते का रोज बघा, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी घालू नका. खुंट पहिल्या वर्षात बारीक होतो, मग सॉकेट ढिला लागतो, तेव्हा एक मोजा जास्त चढवायचा, आणि तरी ढिलाच वाटला तर परत जायचं, घरी कापूस कोंबत बसू नका. मोजे रोज धुवायचे, उन्हाळ्यात तर दिवसातून दोनदा. आमचं रबराचं पाऊल मधे एकदा बदललं आणि सॉकेट एकदा नवीन केला, एवढंच नऊ वर्षांत. वजनाला प्लास्टिकवाल्यापेक्षा थोडा जड आहे, पहिला महिनाभर मांडी दुखते, पण आमच्या रानात चिखलात, म्हशीच्या गोठ्यात, सगळीकडं चाललाय. जाताना राहायच्या तयारीने जा, एका दिवसात होईल असं धरून जाऊ नका. शुगरवाल्यांनी आधी शुगर आटोक्यात आणा, जखम असेल तर माप घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पैशांच्या बाबतीत एवढंच सांगते की दुकानातल्या पायाला माझं कानातलं गेलं, जामखेडच्या पायाला काही मोडावं लागलं नाही.

गाडी चालवायला लागून आता आठ वर्षं झाली, डावा पाय म्हणजे क्लच, त्याला वेळ लागला, मैदानात रिकामी गाडी घेऊन महिनाभर प्रॅक्टिस केली. पहिली धार काढली त्या दिवशी म्हशीने पण मान वळवून बघितलं, खरं सांगते. देवळात लगेच गेले नाहीत, मी पण म्हणाले नाही चला म्हणून. त्या वर्षीच्या नाताळात ढोलकीचा आवाज आला बाहेरून, बघते तर पोरांच्या घोळक्यात हे, गाणी म्हणत घरोघर निघालेले.

आणि आता त्यांचं एक चालूच असतं. आसपासच्या गावात कुणाचा पाय गेल्याचं कळलं, कुणाचा शुगरने, कुणाचा मशिनीत, की रविवारी उपासना झाल्यावर गाडी काढतात आणि जातात. मी सोबत जाते कधी कधी. फार बोलत नाहीत, बाजेजवळ खाली बसतात, स्वतःचा पाय काढतात आणि त्या माणसाच्या मांडीवर ठेवतात, हात लावून बघा म्हणतात. मग विचारतात, तुम्हाला काय काय करायचंय. मागच्या महिन्यात एक पोरगा होता एकवीस वर्षांचा, ऊसतोडीचा ट्रॅक्टर उलटलेला, भिंतीकडं तोंड करून पडलेला, वळेचना. हे पाऊण तास बसून राहिले पाय मांडीवर घेऊन. निघताना दारात त्याच्या आईला हळूच विचारलं, मावशी, त्याची दुसरी चप्पल टाकून नाही ना दिली?

ती म्हणाली, नाही, आहे.